क्लासमधे सगळं कळतं पण तोंडच उघडत नाहीत, काय करू?

अर्धा_कटिंग

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबणारे, सांभाळून घ्या.

चेंबूरला आमच्या सोसायटीच्या हॉलमधे मी गेल्या जूनपासून दर रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा मराठीचा क्लास घेते. फुकट, शेजारपाजारच्या अमराठी लोकांसाठी. मी शिक्षिका वगैरे अजिबात नाही, अकाउंट्समधे नोकरी करते, पण लिफ्टमधे एकीने विचारलं मराठी शिकवाल का आणि मी हो म्हणून बसले, आता चौदा जण येतात. दोन गुजराती काकू, एक मल्याळी नर्स, लखनौहून बदली होऊन आलेला बँकेतला मुलगा, एक तमिळ जोडपं, एक सिंधी आजोबा ज्यांना मराठी सगळं कळतं पण पन्नास वर्षांत एक वाक्य बोललो नाही असं तेच सांगतात (हिंदीतून), आणि बाकीचे असेच.

वह्या भरल्यात हो सगळ्यांच्या. काळ झाले, विभक्ती झाल्या, फळ्यावर विचारलं तर बरोबर लिहितात. पण "बोला" म्हटलं की हॉलमधे फक्त पंखा ऐकू येतो. मग मीच उत्तर देते, मग ते मान डोलावतात, मग मी पुढचं विचारते.

मागच्या महिन्यात भाजीवाला आणि गिऱ्हाईक असं नाटक करून घेतलं. एक म्हणाला मेथी कशी दिली, दुसरा म्हणाला वीस रुपये, पहिला म्हणाला द्या. संपलं! दहा सेकंद पण नाही झाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपापली ओळख करून द्या हे तीनदा झालंय, आता कोणाला किती मुलं आणि गाव कुठलं हे मलाही पाठ आहे. जोड्या पाडून बसवलं की दोन मिनिटात हिंदी सुरू. आणि एक काकू आहेत त्या एकट्याच धडाधड बोलतात (चुकीचं बोलतात पण बोलतात) त्यामुळे बाकीच्यांना आयतीच सुट्टी मिळते.

अजून एक, चुकलं की तिथल्या तिथे सांगायचं का नाही? सांगितलं की गप्प होतात, नाही सांगितलं तर तेच पक्कं होतं अशी भीती वाटते.

शाळेत कॉलेजात भाषा शिकवणारे कोणी असाल तर सांगा ना, बोलतं कसं करायचं.

पाटीपेन्सिल

मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेली बाई. तुमच्याकडे चौदा आहेत, माझ्याकडे छप्पन असायचे आणि बाकं जमिनीत ठोकलेली, तरी सांगते.

तुमचा भाजीवाला दहा सेकंदात का आटोपला माहितीये का? कारण दोघांनाही एकमेकांकडून काही नको होतं. त्याला मेथी नकोय, तिच्याकडे मेथी नाहीये, आणि काय बोलायचं ते दोघांनाही आधीच माहीत आहे. मग कशाला कोण बोलेल? तुम्ही आम्ही तरी बोलू का. एकाकडे जे आहे ते दुसऱ्याला हवंय आणि विचारल्याशिवाय मिळणार नाही, असं काहीतरी पाहिजे, मग तोंडं उघडतात. ट्रेनिंगमधे याला इन्फर्मेशन गॅप म्हणायचे, मी मुलांना सांगायचे "भोकाचा कागद".

तुमच्यासाठी आत्ताच एक बनवते बघा. चेंबूरहून राणीच्या बागेत जायचंय. दोन कागद करा. पहिल्यावर लिहा, चेंबूरहून हार्बरने कुर्ल्याला जायचं, तिथे गाडी बदलायची, मला सुट्टी बुधवारी, डबा मी आणणार. दुसऱ्यावर लिहा, कुर्ल्याहून सेंट्रलची गाडी पकडून भायखळ्याला उतरायचं, माझ्याबरोबर सासूबाई आहेत त्यांना जिने चढवत नाहीत, आणि राणीची बाग बुधवारी बंद असते. आता दोघांनी मिळून दिवस, वेळ आणि रस्ता ठरवायचा. बुधवारचं जेव्हा निघेल ना तेव्हा बघा कसे बोलतात, भांडतातच. भांडणात माणूस व्याकरण विसरतो आणि तेच तर पाहिजे आपल्याला.

एकच अट, कागद दाखवायचा नाही. आणि ते दाखवतातच! म्हणून पाठीला पाठ लावून बसवायचं. माझ्या वर्गात बाकं हलायची नाहीत तर मी विषम नंबरच्या बाकांवरच्या मुलांना मागे तोंड करून बसवायचे आणि मधे कंपास उभा करून त्याला वह्या टेकवायचे, झाली भिंत. गोंगाट व्हायचा, हेडसर दोनदा येऊन गेले काय चाललंय म्हणून. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं (त्याआधी आमच्याकडे पाचवीपासून होतं) तेव्हा वरून सगळे सांगायचे मुलांना बोलतं करा, आणि मुलं बोलायला लागली की वर्ग शांत ठेवा म्हणायचे. असो.

दुसरं म्हणजे तुम्ही उत्तर देणं थांबवा. प्रश्न विचारला की मनात एक दोन तीन चार पाच मोजा. मेरी बड रो म्हणून अमेरिकन बाई होत्या, त्यांनी १९७० च्या दशकात शाळांमधल्या तासांचं रेकॉर्डिंग करून मोजलं, तर शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबत होते. तेच तीन सेकंद थांबायला लावलं तर मुलांची उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. तीन सेकंद म्हणजे काही नाही असं वाटतं पण वर्गात उभं राहून थांबून बघा, जीव जातो.

त्या काकूंना परीक्षक करा. म्हणजे त्यांनी फक्त ऐकायचं आणि शेवटी सांगायचं कोणत्या जोडीने काय ठरवलं. त्यांचाही मान राहतो आणि बाकीच्यांना श्वास मिळतो.

चौथी_सीट

हे सगळं ठीक आहे पण पाया कच्चा असला तर बोलून काय फायदा, चुकीचंच बोलणार ना. आमच्या वेळी आधी शब्द चालवायला लावायचे, मग बोलणं. तुम्ही सहा महिने अजून व्याकरणच घ्या असं माझं मत.

पाटीपेन्सिल

@चौथी_सीट अहो दादा, तुमच्या वेळी जे संस्कृत चालवलं ते आता बोलता का तुम्ही? 🙂 पोहायला शिकवताना काठावर किती महिने हात मारायचे?

इडली_झुणका

नमस्कार. मी शिकवणारा नाही, शिकलेला आहे, म्हणून लिहितो. मी तमिळ, कोईमतूरचा, २०११ मधे नोकरीसाठी मुंबईत आलो, मराठी इथेच शिकलो. लिहिताना चुका होतील, समजून घ्या.

ताई तुमच्या क्लासमधले लोक बोलत नाहीत त्याचं अर्धं कारण तुमच्या हॉलच्या बाहेर आहे. मी पहिल्या वर्षी रोज ठरवून मराठी बोलायचो. मेडिकलवाल्याला म्हणालो "मला डोक्याचं दुखणं आहे, गोळी द्या", तो म्हणाला "कौनसी चाहिए". रिक्षावाल्याला म्हणालो "उजवीकडे वळा", तो पण मराठी आणि तो म्हणाला "राइट लेनेका क्या". ऑफिसात सगळे मराठी, मी आलो की हिंदी सुरू, त्यांना वाटायचं मला मदत करतायत. राग नाही, पण माणूस किती दिवस प्रयत्न करेल? मग तो म्हणतो, जाऊ दे, हिंदीनेच काम होतंय. तुमचे सिंधी आजोबा पन्नास वर्षं का नाही बोलले, विचारून बघा, बहुतेक हेच असणार.

म्हणून क्लासमधे हेच शिकवा. समोरचा हिंदीत वळला की त्याला परत मराठीत कसं आणायचं. मी एक वाक्य पाठ केलं होतं, अजून वापरतो: "हिंदी माझी याहून वाईट आहे हो, मराठीतच चालू द्या." लोक हसतात आणि मराठीत येतात, दर वेळी नाही पण येतात. आणि "जरा हळू बोला, पण मराठीत बोला", आणि "याला मराठीत काय म्हणतात?" ही तीन वाक्यं पहिल्या दिवशी द्यायला हवीत, ओळख करून देण्याच्या आधी. क्लासमधे एकाने दुकानदार व्हायचं आणि मुद्दाम हिंदीतच बोलत राहायचं, दुसऱ्याने त्याला मराठीत ओढायचं. तीन वेळा ओढलं तर जिंकला. यात तुमचा लखनौवाला मुलगा दुकानदार म्हणून हिट होईल.

दुसरी तक्रार पुस्तकाची. पुस्तकाने मला "मी जात आहे" शिकवलं. वर्षभर मी "मी जात आहे" म्हणत होतो आणि लोक "मी जातोय", "चाललोय", "निघालोच" म्हणत होते आणि मला काही कळत नव्हतं. बोलायला शिकवायचं असेल तर बोलतात ते शिकवा ना.

आणि एक मजा, आपण आणि आम्ही. हिंदीवाल्यांना हे अवघड जातं कारण त्यांच्याकडे एकच हम. आमच्या तमिळमधे नाम आणि नांगळ, दोन वेगळे, म्हणून मला एका मिनिटात कळलं. गुजरातीत पण आपणे आणि अमे आहे ना, तुमच्या काकूंना विचारा. याचा खेळ होतो. एक जण म्हणतो "आम्ही पिक्चरला चाललोय" तर सगळ्यांनी बसून राहायचं, कारण तुम्हाला कोणी बोलावलेलं नाही. "आपण पिक्चरला चाललोय" म्हटलं की पर्स उचलून उभं राहायचं. चुकीचा उभा राहिला तो आऊट, आणि त्याने पुढचं वाक्य बोलायचं. मला हे एका मित्राच्या आईने जेवताना शिकवलं, त्यांनी "आम्ही महाबळेश्वरला जातोय" म्हटलं आणि मी म्हणालो कधी निघायचं.

काळाघोडा_कोपरा

@इडली_झुणका महाबळेश्वर 😂😂 मग नेलं का तुम्हाला?

मी जर्मन शिकवतो, आधी मॅक्स म्युलर भवनला शिकलो आणि आता घरी बॅच घेतो, त्यामुळे तोच प्रॉब्लेम, फक्त भाषा दुसरी. तिथेही तीन लिंगं आणि पोरं प्रत्येक नामापाशी अडखळून उभी.

एक प्रकार मी हमखास वापरतो, चार-तीन-दोन म्हणतात त्याला. कीथ मॉरिस नावाच्या शिक्षकाने १९८३ मधे मांडला आणि नंतर न्यूझीलंडच्या पॉल नेशननी १९८९ मधे त्यावर लिहिलं. एकाच विषयावर एकाला चार मिनिटं सांगायचं, मग जोडीदार बदलून तेच तीन मिनिटात, मग तिसऱ्याला तेच दोन मिनिटात. तिसऱ्या खेपेला अडखळणं कमी होतं कारण काय बोलायचं ते ठरलेलं असतं, डोकं फक्त कसं बोलायचं यात अडकतं. आणि जोडीदार बदलतो म्हणून ऐकणाऱ्याला ते नवीनच असतं. तुमच्या लोकांना चार मिनिटं जड जाईल, दोन, दीड आणि एक असं करा. विषय मोठा नको, "काल पावसात मी कसा अडकलो" हा मुंबईत कोणालाही चालतो. ऐकणाऱ्याने मधे बोलायचं नाही, मोबाईलवर टायमर लावा, घंटा झाली की वाक्य अर्धं असलं तरी उठायचं.

आता चुकांचं. आपण सगळे एकच करतो. तो म्हणतो "माझा घर मोठा आहे" आणि आपण म्हणतो "हो का, तुमचं घर मोठं आहे, छान". आपल्याला वाटतं सुधारलं. त्याला वाटतं मॅडमना घर आवडलं. यावर लिस्टर आणि रांटा या दोघांनी कॅनडातल्या फ्रेंचच्या वर्गांमधे बघितलं होतं, १९९७ चा पेपर आहे. शिक्षक निम्म्याहून जास्त वेळा असंच गोड बोलून सुधारत होते, आणि मुलं दुरुस्तीची दखल सगळ्यात कमी घेत होती ती नेमकी याच पद्धतीत. त्यापेक्षा नुसतं "माझा... घर?" एवढं म्हणून भुवई वर करून थांबा. त्याला येत असतं, तोच म्हणतो "माझं, माझं". नाही आलं तर सांगून टाका आणि पुढे चला. पण हे गप्पांच्या मधे नको, जोडीत बोलत असताना तर मुळीच नको. मी तेव्हा वही घेऊन नुसता फिरतो, ऐकलेल्या पाच सहा चुका लिहितो आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर टाकतो, ओळखा काय चुकलंय. आपली चूक ओळखली की माणूस खुदकन हसतो.

बाय द वे ळ साठी वेगळा वेळ काढा. वेल वेळ, चाल चाळ, मूल मूळ, काल काळ. एकाने बोलायचं, दुसऱ्याने चित्रावर बोट ठेवायचं. लखनौ नक्की अडकेल, तमिळ मल्याळी नाही, त्यांच्याकडे ळ घरचाच आहे.

पाटीपेन्सिल

लिंगासाठी अजून एक, स्वस्तातलं. उशीचा अभ्रा घ्या, त्यात घरातल्या दहा-बारा वस्तू टाका. पण आधी टेबलावर मांडून सगळ्यांकडून तो कंगवा, ती वाटी, ते कुलूप असं म्हणवून घ्या, मगच आत टाका. एकाने आत हात घालून एक वस्तू धरायची, बाहेर काढायची नाही. बाकीच्यांनी विचारायचं.

दोन_पोरांची_आई

मधेच शिरते, सॉरी. माझा मुलगा मोठ्या बोर्डाच्या इंग्रजी शाळेत आहे, २०२० चा कायदा आल्यापासून मराठी सगळ्याच शाळांना कंपल्सरी आहे. त्याला तोंडी परीक्षेत चांगले मार्क पडतात कारण तो कविता पाठ म्हणतो, घडाघडा. आणि खाली वॉचमनकाकांनी विचारलं "बाबा आले का?" तर म्हणतो "यस". वॉचमनकाका सांगलीचे. मला वाटायचं त्याचं चुकतंय, आता वरचं वाचून वाटतंय की पाठांतर विचारलं तर पाठांतरच मिळणार. भोकाचा कागद मी घरी करून बघते, बहीण भाऊ आहेत दोघं, भांडतील तर नक्कीच.

अर्धा_कटिंग

दोन रविवार झाले, सांगायला आले. सगळ्यांना आधी थँक्यू.

पहिल्या रविवारी राणीची बाग केली. पाठीला पाठ लावून बसवल्यावर आधी पाच मिनिटं नुसतं हसणं. मग बुधवारचं निघालं आणि तमिळ जोडप्यातली ती म्हणाली "बुधवार बाग बंद! तू आधी का नाही सांगितलं!" नवऱ्याला, जोरात, मराठीत, तू म्हणून! नंतर लाजली. दोन जोड्या तरी हिंदीत घसरल्या, त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले की परत मराठी, वळले की हिंदी. ते अजून जमलेलं नाही. काकूंना परीक्षक केलं, त्यांनी ऐकण्यापेक्षा दोन्ही बाजूंना सल्लेच जास्त दिले.

एक दोन तीन चार पाच मोजणं खरंच भयंकर आहे. तीनपर्यंत गेले की माझ्याच घशात उत्तर येतं.

काल अभ्रा नेला. कंगवा, फणी, कुलूप, लाटणं, किसणी, वाटी, लिंबू, चमचा, दोरा, बूच, पाकीट. सगळं मांडलं, म्हणवून घेतलं. लखनौवाला तीनदा "ती कंगवा" म्हणाला कारण त्यांच्याकडे कंघी. मग नर्सने हात घातला. लोक विचारायला लागले, "ते गोल आहे का?", "नाही." "ते जड आहे का?", "नाही." मग कोणीतरी विचारलं "त्याला दात आहेत का?" आणि ती म्हणाली, "हो, तिला दात आहेत." सगळे ओरडले कंगवा कंगवा. आणि मागून सिंधी आजोबा, जे जूनपासून एक शब्द मराठीत बोलले नव्हते, उभे राहून म्हणाले, "तिला म्हणाली ती! तिला! कंगवा नाही, फणी!"

किसणीपण असू शकली असती पण मी गप्प बसले. फणीच होती.

माझ्या लक्षातच आलं नव्हतं की विचारणारा ते म्हणतो कारण त्याला वस्तू माहीत नाही, आणि उत्तर देणारा तो किंवा ती म्हणाला की निम्मं गुपित फुटलं. त्यानंतर सगळे कान टवकारून लिंगच ऐकत होते, आणि उत्तर देणारे हुशार होऊन "दात आहेत" एवढंच म्हणायला लागले, तो-ती काढूनच टाकलं. आता याच्यावर काय करू ते सांगा, पूर्ण वाक्यातच उत्तर द्यायचं अशी अट घालू का?

@इडली_झुणका आजोबांना विचारलं का नाही बोललात इतकी वर्षं. म्हणाले, "कोई बोलने देता तो बोलता." हिंदीत म्हणाले. मी तुमचं ते वाक्य त्यांना वहीत लिहून दिलंय, याहून वाईट वालं. ते म्हणाले माझी हिंदी वाईट नाहीये, खोटं कसं बोलू.

इडली_झुणका

त्यांना सांगा सिंधी म्हणा हिंदीच्या जागी. "सिंधीत बोला नाहीतर मराठीत", बघू कोण सिंधीत बोलतंय.

@काळाघोडा_कोपरा नाही नेलं. स्ट्रॉबेरी आणली होती.